एस्तरबाईंची साक्ष

एस्तरबाई सोनवण्यांना स्वप्नं फार पडायची, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. भोरला त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक बोळ आहे. समोरून माणूस आला तर दुसऱ्याला अंग चोरावं लागेल, एवढा अरुंद. हिवाळ्यात नदीकडून धुकं वर चढायचं आणि त्या बोळात अडकून बसायचं. धुक्यातून आधी सुपाचा आवाज यायचा, मग बाईंचा.

"वैशाली, उठलीस का गं? आज काय बघितलं सांगू?"

मी चहाचा कप घेऊन आमच्या उंबऱ्यावर टेकायची. त्या त्यांच्या ओट्यावर तांदूळ निवडत असायच्या. धड काही दिसायचं नाही. पांढरं पातळ, चष्म्याची काडी, सुपाबाहेर उडणारा कोंडा, एवढंच.

"भाटघरच्या पाण्याखाली शाळा भरली व्हती. पोरं रांगेनं बसलेली. मी फळ्यावर 'क' काढला, तशी सगळी एकदम म्हणाली, क! त्यांच्या तोंडातनं बुडबुडे वर गेले. मी म्हटलं, हळू रे, वर धरणावर माणसं असतील, त्यांना ऐकू जाईल."

"मग?"

"मग काय, एक मासा आला आन् माझा खडू घेऊन गेला."

हे सांगताना त्या हसायच्या नाहीत. खडू खरंच हरवल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

आमचं घर बौद्ध, त्यांचं ख्रिस्ती. त्यांच्या करंज्या नाताळात आमच्याकडे यायच्या आणि आमची खीर बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे जायची. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी वेल्ह्याकडे, विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर काढली होती. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. धाकट्या जाऊबाई शालिनीकाकू, त्याही एकट्याच, म्हणून दोघी एकत्र राहायच्या. काकूंना साखरेचा आजार. रोज सकाळी बाई त्यांना सुई टोचायच्या आणि टोचताना उपासनेतलं एखादं गायन गुणगुणायच्या. बाईंचा सूर असा होता की काकू म्हणायच्या, "अक्का, सुई चालंल, गाणं नको."

या स्वप्नांची गोष्ट एकदा त्यांच्या देवळात पोचली. चर्चला बाई देऊळच म्हणत. तिथल्या प्रार्थनेच्या बायकांपैकी एक जण घरी आली आणि म्हणाली, "बाई, पाण्याखालची शाळा म्हणजे साधं स्वप्न नव्हं. हे दर्शन आहे. रविवारी उभं राहून सांगा."

"दर्शन कसलं? रात्री वांग्याचं भरीत खाल्लं व्हतं."

ती बाई हिरमुसून गेली. तिची पाठ वळल्यावर एस्तरबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग मला म्हणाल्या, "मला स्वप्न पडलं, एवढंच मला ठाऊक. देवानं धाडलं असं आज मी म्हटलं, तर उद्या त्याच्या नावावर मी कायबी खपवीन. आन् लोक घेतील. हेच वाईट, की लोक घेतात."

बाजारात माठ घ्यायला गेल्या की त्या एकूण एक माठ बोटाच्या पेरानं वाजवून बघायच्या. कुंभारीण वैतागायची, पण बाई पुढचा माठ कानाला लावायच्या. देवळातही त्यांची रीत हीच. एकदा नवे पाळक आले. मंडळीला उपदेश करणारे ते पाळक. कोवळं वय, भरघोस दाढी. पहिल्याच उपदेशात ते जोरात म्हणाले, "पवित्र शास्त्र सांगतं, प्रयत्नांती परमेश्वर!" उपासना सुटल्यावर बाईंनी त्यांना दारातच गाठलं.

"पाळकसाहेब, ते कुठल्या अध्यायात आलंय?"

"अं... बघून सांगतो."

बिचारे आठवडाभर शोधत होते म्हणे. पुढच्या रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मागच्या वेळी मी चुकलो. ते वाक्य शास्त्रात नाही. आपल्याकडची म्हण आहे." त्याच दिवशी बाईंनी त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि आग्रह कर-करून पुरणपोळ्या वाढल्या. ते बदलून गेले तेव्हा त्यांना सोडायला बाई स्टँडपर्यंत गेल्या, आणि एसटी वळेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

एक खूण मात्र सांगायला हवी. एरवी बाई आमच्यासारखंच बोलायच्या. पण चिडल्या की शाळेतलं मराठी सुरू व्हायचं, पुस्तकासारखं, एकेक अक्षर सुटं. तसं झालं की शालिनीकाकू हळूच आत निघून जायच्या.

शालिनीकाकूंना भाच्यानं मोबाईल दिला आणि त्यांच्या दुपारी बदलल्या. त्या पडल्या पडल्या प्रवचनं ऐकायच्या. त्यात त्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे ब्रदर जोएल. त्याचे फ्लेक्स तेव्हा किकवीपासून नसरापूरपर्यंत हायवेला लागलेले असायचे: पांढरा सूट, वर केलेला हात, आणि नावाआधी ठळक 'डॉ.'. हजारो लोक त्याला ऐकत. त्याचा आवाज खरंच सुंदर होता. दुपारच्या वेळी तो बोळातून आमच्या घरात यायचा तेव्हा माझी आईसुद्धा हातातलं काम हळू करायची.

अशाच एका दुपारी बाई पावटे सोलत होत्या. मोबाईलमधला आवाज सांगत होता, "मी वेल्ह्याच्या डोंगरातला. लहान होतो. शाळेच्या पायरीवर मला नागानं दंश केला..."

बाईंचे हात थांबले. त्यांनी मोबाईल ओढून घेतला, चष्मा कपाळावर चढवून पडदा डोळ्यांजवळ नेला.

"अगं, हा अंकुश!"

"अंकुश कोण?"

"माझ्या वाडीवरचा अंकुश! भुवईवर खूण बघ. दगडावर पडला व्हता, मीच हळद भरली व्हती!"

त्या दिवशी त्यांचा आनंद कुठं मावेना. बोळातल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं. पोरगं डॉक्टर झालं म्हणून त्यांनी साखर वाटली. औषधाचा डॉक्टर नव्हे, शास्त्राचा, असं काकूंनी समजावलं तरी, "मग तर अजून मोठं की," असं म्हणाल्या. त्याची सभा नसरापूरजवळच्या मंगल कार्यालयात आहे असं कळलं, तेव्हा दोघींनी जायचं ठरवलं आणि सोबतीला मला घेतलं. मी पुण्यात नोकरीला. शनिवार-रविवारी भोरला यायची, त्यामुळं अशा कामांना मीच सापडायची.

रविवारची दुपार होती. लग्नाचा हॉल, छताला गुलाबी पडदे, माणसं भिंतीला टेकून उभी. कीबोर्डवर एकच सूर धरून ठेवला होता, तो जेवणानंतरच्या झोपेसारखा अंगावर पसरत होता. जोएल बोलायला लागला आणि माझ्या शेजारची बाई डोळे मिटून झुलू लागली. तो ओरडत नव्हता. कुणाला तरी थोपटत असल्यासारखा बोलत होता. त्यानं डोंगर उभा केला, पायरी उभी केली, सावलीसारखा साप उभा केला. मलाही वाटलं, आपण त्या वाडीवर आहोत, वारा सुटलाय, आणि एक पोर निळं पडत चाललंय.

"मी मेलो होतो," तो म्हणाला. "त्या डोंगरात डॉक्टर नव्हता. औषध नव्हतं. गाडी नव्हती. माणूस नव्हता. मी आणि माझा प्रभू. त्यानं माझं नाव घेतलं, आणि मी उठलो."

लोक रडायला लागले. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून असलेलं हसू अजून होतं, पण मागं राहिलेल्या माणसासारखं.

मग त्यानं आजाऱ्यांना पुढं बोलावलं. "विश्वास असेल त्यानं आज गोळी सोडा. सुई सोडा. प्रभूनं मला सुईशिवाय उठवलं, तुम्हाला का नाही उठवणार?" माणसं उठायला लागली. शालिनीकाकू उठल्या. आणि त्यांच्यामागं एस्तरबाई उठल्या.

"अंकुश!"

वर्गात हाक मारावी तशी हाक. कीबोर्डवाल्याचं बोट निसटलं. जोएलनं इकडं पाहिलं, आणि खोटं का सांगू, त्याचा चेहरा खराखुरा उजळला. "बाई! माझ्या शाळेच्या बाई! आमेन म्हणा! यांनीच मला अक्षर शिकवलं." टाळ्या पडल्या. स्वयंसेवकांनी बाईंना हाताला धरून वर नेलं. त्यानं स्वतःच्या हातानं माईक त्यांच्यापुढं धरला. "बाई, साक्ष द्या. तुम्ही त्या दिवशी तिथं होता."

"होते," बाई म्हणाल्या. आणि मला कळलं, कारण पुढचं सगळं पुस्तकी मराठी होतं.

"साप चावला हे खरं आहे. मी मुलाला उचलून रस्त्यावर आणलं. खालून दुधाची जीप आली. चालक बाबूभाई मुलाणी. त्यांनी भरलेल्या किटल्या रस्त्याच्या कडेला उतरवल्या आणि आम्हाला आत घेतलं. हा माझ्या मांडीवर होता. वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं याला सुया दिल्या. हा शुद्धीवर येईपर्यंत बाबूभाई पायरीवर बसून राहिले. किटल्यांमधलं दूध नासलं. तू मेला नव्हतास, अंकुश. तुला माणसांनी वाचवलं. ती माणसं देवानं दिली असं मी मानते. पण माणसं होती. सुई होती. ज्यांची सुई चालू आहे त्यांनी..."

माईक बंद झाला. त्या तशाच बोलत राहिल्या, ओठ हलताना दिसत होते, आणि कीबोर्डचा सूर मोठा मोठा होत गेला. दोघा स्वयंसेवकांनी त्यांना खाली आणलं. गर्दीतून कुणीतरी "सैतान" म्हणालं. बाईंनी त्या दिशेला पाहिलं, ओळखीचं कुणी आहे का हे बघावं तसं. तोवर शालिनीकाकू पुढं पोचल्या होत्या. जोएलनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि पुढं गेलेली बाकीची माणसं पडत होती तशा त्याही आडव्या झाल्या.

येताना रिक्षात दोन्ही बाजूंनी शेतं मागं जात होती आणि बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मंडळीतल्या निम्म्या लोकांनी बाईंशी बोलणं टाकलं. रविवारी त्यांच्या बाकावर त्या एकट्या बसू लागल्या. "देवाच्या माणसावर बोट उचललं," असं लोक म्हणत. याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. खरं दुखणं घरात होतं. शालिनीकाकूंनी सुई सोडली.

"मी बरी झाले, अक्का."

"डॉक्टरांना दाखव आन् मग म्हण."

"तुमचा विश्वास कमी आहे." काकू हे रागानं बोलत नसत, कीव केल्यासारखं बोलत. त्या सारखं पाणी पीत. दुपारी झोपल्या की संध्याकाळपर्यंत उठत नसत. पायाला एक फोड आला होता, तो भरून येईना. बाईंनी डॉक्टरांना घरी आणलं, काकूंनी दार लावून घेतलं. बाई सकाळी सुई तयार करून बाहेर बसायच्या आणि ऊन बोळात उतरेपर्यंत तशाच बसून राहायच्या. स्वप्नं सांगणं बंद झालं होतं. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "पडतात. पण सगळ्यांत शालिनी पाणी मागते."

एका शनिवारी मी काकूंचा पाय शेकत बसले होते, तेव्हा बोळाच्या तोंडाशी मोठी पांढरी गाडी थांबली. आत येणं शक्यच नव्हतं. सुटातला माणूस उतरला आणि भिंतीला खांदा घासत चालत आला. सभेतला तो प्रसंग कुणीतरी मोबाईलवर घेतला होता आणि तो फिरत होता, हे मला माहीत होतं. मला वाटलं, भांडायला आला.

तो ओट्याशी आला. बाईंच्या पायांकडे वाकला आणि मधेच थबकला. माणसाच्या पाया पडणं त्याच्या लोकांत चालत नाही. तसाच वाकलेला राहिला क्षणभर.

"बस," बाई म्हणाल्या. "च्या घेणार?"

मी चहा टाकला. आतून मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, तुमी मला घरी बोलवून सांगायचं. चारचौघांत कशाला?"

"तू चारचौघांत सांगितलंस म्हणून. अंकुश, ते नावाआधी लावलंयस ते कुठं शिकलास?"

"मानद आहे बाई. एका संस्थेनं दिलं."

"कुठली संस्था? कुठं आहे ती?"

बाहेर त्याचा बूट फरशीवर घासला.

"दहावी झाला व्हतास का?"

"न्हाई. इंग्रजीत गेलो."

"मग? दहावी नापास म्हणून प्रभूनं कुणाला माघारी धाडलं न्हाई. त्याच्याबरोबर मासे धरणारी माणसं व्हती. तू असाच उभा राहिला असतास तर मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं असतं."

"तुमी ऐकलं असतं." त्याचा आवाज सभेतला नव्हता आता. "बाकी कोण ऐकणार? वाडीवरल्या अंक्याचं कोण ऐकतंय? मी लई वर्षं नुसता बोललो बाई. झाडाखाली, पारावर, कुणाच्या पडवीत. चार म्हाताऱ्या यायच्या. मग एकदा सापाचं सांगितलं. जरा वाढवून सांगितलं. लोक रडले. पुढच्या टायमाला जास्त आले. लोकांना उमेद लागते."

"उमेद दे की. पण ती उमेद घेऊन माझी जाऊ मरायला टेकलीय. ये, बघ."

बाई उठल्या. तो मागोमाग आत आला. शालिनीकाकूंनी त्याला पाहिलं आणि पडल्या पडल्याच पदर डोक्यावर ओढला. त्यांनी आनंदानं हात जोडले. त्यानं त्यांचा पाय पाहिला. खोलीत फिनाइलचा आणि जखमेचा वास होता. तो सुटासकट खाली जमिनीवर टेकला.

"आई, सुई घेत जा," तो म्हणाला.

काकूंना कळेना. "पण ब्रदर, तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणतोय, घ्या."

"प्रभूनं तुम्हाला तसं सांगितलं?"

त्यानं बाईंकडे पाहिलं. त्या दाराला टेकून उभ्या होत्या. तो "हो" म्हणाला असता तर काम झालं असतं. काकूंनी तेव्हाच हात पुढं केला असता. मला तर वाटत होतं, म्हण बाबा, हो म्हण. बाई नुसत्या थांबल्या होत्या. उत्तर चुकतंय की बरोबर येतंय याची वाट बघत शिक्षक थांबतो, तशा.

"न्हाई," तो म्हणाला. "प्रभूनं न्हाई. मी सांगतोय. अंकुश. मला बी सुईनंच वाचवलं हुतं."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या भिंतीकडे वळल्या. त्यांचं काय मोडलं, ते मी अजून सांगू शकत नाही. पण संध्याकाळी बाई सुई घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी दंड पुढं केला. पाय वाचला. फक्त बोटाच्या टोकाला कायमचा बधिरपणा राहिला.

जाताना अंकुशनं बशीतून चहा प्याला, फुर्रकन, शाळेतल्या पोरासारखा. बाई म्हणाल्या, "एक कर. पुढच्या सभेत बाबूभाईचं नाव घे. गोष्टीतनं मला काढलंस ते बरंच केलंस. पण त्या माणसाला काढू नकोस."

"बघतो, बाई."

महिना गेला असेल. काकूंनी प्रवचनं ऐकणं सोडलं होतं, पण मंडळीतल्या कुणीतरी मुद्दाम नवा व्हिडिओ आणून दाखवला. तोच आवाज, तोच डोंगर. "आणि तेव्हा," जोएल सांगत होता, "धुळीतून एक जीप आली. ती कुणाची होती? कुणालाच माहीत नाही. प्रभूनं देवदूत पाठवला होता!"

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "देवदूत! अगं, त्या जीपला रोज ढकलायला लागायचं. देवदूताची गाडी धक्का स्टार्ट!" मग हसू ओसरलं. चष्मा हातातच राहिला. त्या बोळाच्या तोंडाकडे बघत होत्या, जिथून तो आला होता आणि गेला होता.

हायवेवरचे त्याचे फ्लेक्सही बदलले होते. 'डॉ.' गेलं होतं. त्या जागी 'प्रेषित' आलं होतं.

पुढच्या शनिवारी बाई म्हणाल्या, "वैशाली, मला विंझरला नेतेस?"

बाबूभाई विंझरच्या अलीकडं लेकीकडं राहत होते, हे त्यांनी कुणाकडून तरी काढलं होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही एसटीनं निघालो. डिसेंबर होता, भातं झोडपून झालेली, खाचरांत पेंढ्यांच्या गंजी. तोरण्याचा माथा ढगात गेलेला. बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि एकेक वाडी मागं जाताना तिथल्या पोरांची नावं घेत होत्या, स्वतःशीच. काही नावं त्यांना आठवत नव्हती, तेव्हा नुसतंच "तो एक" म्हणायच्या.

बाबूभाई अंगणात बाजेवर उन्हाला पडले होते. डोळ्यांत मोतीबिंदू. आवाज ऐकून उठून बसले.

"कोण म्हणायचं?"

"मी सोनवणे. वरल्या शाळेची बाई."

"या, या. रेश्मा, च्या टाक गं."

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. पायरी, साप, मांडीवरचं पोर, दवाखाना. बाबूभाई मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, खरं सांगू का? मला न्हाई आठवत."

"असं कसं? दूध नासलं तुमचं त्या दिवशी."

"दूध तर लई येळा नासलं. हितं तवा दुसरी गाडी कुठं हुती? बाळंतिणी नेल्या, झाडावरनं पडल्याली नेली, साप चावल्याली तर लई नेली. कंचं ध्यानात ठेवायचं? मालक तर रोजच शिव्या द्यायचा." मग त्यांनी विचारलं, "पोरगं बरं हाय न्हवं?"

"बरं आहे. मोठा झालाय. लोकांना सांगतो, मला देवदूतानं दवाखान्यात नेलं."

"देवदूत म्हंजी?"

"फरिश्ता."

बाबूभाईंनी जरा विचार केला, आणि त्यांचं दात नसलेलं तोंड पसरलं. "रेश्मे, ऐकलं का? मी फरिश्ता हाय म्हणं! अन् तू मला कालच्याला कटकट्या म्हणत हुतीस!"

आतून रेश्मा हसली, मीही हसले. बाई हसल्या नाहीत. पुढं सरकून त्यांनी बाबूभाईंच्या बाजेच्या काठावर हात ठेवला.

"फरिश्ता नव्हता तुमी. फरिश्त्याला काय, पंख असतात. तुमाला ती गाडी उतारावरनं न्यायची व्हती. ब्रेक लागत नव्हता नीट. मालकाच्या शिव्या खायच्या व्हत्या. तुमी माणूस व्हता, बाबूभाई. हेच त्याला सांगता येईना." त्या आणखी पुढं वाकल्या. "म्हणून मी सांगायला आले. उशीर झाला."

बाबूभाईंना यातलं किती समजलं कोण जाणे. पण ते हसायचे थांबले. त्यांनी चाचपडत बाईंचा हात शोधला आणि त्यावर आपला हात ठेवला, आणि दोघंही उन्हात तशीच बसून राहिली. कोंबड्या अंगणभर फिरत होत्या. कुठंतरी पाण्याची मोटार चालू होती. तो आवाज थांबला तेव्हा दुपार किती शांत आहे ते कळलं. चहा निवला. रेश्मानं तो पुन्हा गरम करून आणला.

मला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, म्हणून परतताना आम्ही नसरापूर फाट्याला उतरलो. तिथून मी पुण्याला आणि बाई भोरला. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. दोन आठवडे मला गावी येता आलं नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला. बाई दुपारी ओट्यावर टेकल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. मी पोचेपर्यंत माती झाली होती. तिथं अंकुश आला होता, असं आईनं सांगितलं. साध्या शर्टात होता. मागं उभा राहिला आणि कुणाला कळायच्या आत गेला.

विंझरहून परतलो त्या संध्याकाळी फाट्यावर हायवेची धूळ सोनेरी झाली होती. भोरची वडापची जीप भरत आली होती. मागं दोन बायका सरकल्या, पण ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला, "आज्जी, तुमी फुडं बसा, मागं धक्के बसत्यात." त्यानं त्यांना हात देऊन वर चढवलं, पिशवी पायाशी ठेवली, दार दोनदा आपटून लावलं. मी रस्त्याच्या पलीकडून हात केला. बाईंचं लक्ष नव्हतं. ड्रायव्हर गिअर टाकत होता आणि त्या त्याच्याकडे वळून काहीतरी विचारत होत्या.

ट्रक गेला, आवाजात मला फक्त मधले शब्द ऐकू आले. "...नाव काय रे बाळा तुझं?"

त्यानं काय सांगितलं ते कळलं नाही. बाईंनी मान हलवली, ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, आणि जीप भोरच्या रस्त्याला वळली.